ओरखड्यानंतरचं घड्याळ

घड्याळांची परीक्षणं बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी लिहिली जातात. खोका उघडतात त्या दिवशी. पट्ट्यावरची प्लास्टिकची फिल्म नुकतीच सोललेली असते, व्हिडिओ करणाऱ्याने बोटांचे ठसे पुसून घेतलेले असतात, वरून मऊ पांढरा प्रकाश सोडलेला असतो आणि घड्याळ सावकाश गोल फिरत असतं. ‘फिनिशिंग बघा,’ असं मागून आवाज म्हणतो. आपण बघतो आणि ते खरंच सुंदर असतं.

पण फिनिशचं आयुष्य सुरू होतं ते यानंतर. नाटकाचं परीक्षण पडदा वर गेल्यावर दिसलेल्या नेपथ्यावरून कुणी लिहीत नाही. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. तिथेही डेमो पाहून कुणी सिस्टीमला चांगलं म्हणत नाही. मूळ कोड लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच कुणाला त्यात हात घालावा लागतो, तेव्हा तो कसा लिहिला होता ते कळतं. धातूच्या पट्ट्याची गोष्ट याहून वेगळी नाही. त्याच्याकडे पाहायचा योग्य दिवस पहिला नाही, साधारण हजारावा आहे.

हा लेख महागड्या घड्याळांच्या धातूच्या पट्ट्यांबद्दल आहे. आपल्याकडे ज्याला सरळ ‘चेन’ म्हणतात, त्याबद्दल. यातली बहुतेक घड्याळं माझ्या ऐपतीबाहेरची आहेत. माझ्या मनगटावर मधल्या किमतीचं एक पोलादी घड्याळ आहे आणि ते मी रोज घालतो. बाकीची मी दुकानांत, मित्रांच्या हातांवर आणि दुरुस्तीच्या टेबलावर पाहिलेली आहेत. यातली शेवटची जागा सगळ्यात जास्त शिकवते.

तोंड दिसणारं ताट

पट्ट्याला फिनिश द्यायच्या मुख्य रीती दोन. एक पॉलिश. पृष्ठभाग इतका गुळगुळीत करायचा की प्रकाश आरशासारखा एका दिशेने परत येतो. दुसरी ब्रश. पृष्ठभागावर मुद्दाम एकाच दिशेने बारीक रेघा ओढायच्या, म्हणजे प्रकाश विखुरतो आणि मंद, रेशमी झाक येते. उरलेलं बरंचसं कसब या दोन्हींना एकमेकांशेजारी बसवण्यात असतं.

यातला फरक घरातल्या भांड्यांवर नीट कळतो. स्टीलचं नवं ताट आणलं की त्यात तोंड दिसतं. सहा महिने घासणीखाली गेलं की दिसत नाही. ताट काही झिजून पातळ झालेलं नसतं. हजारो बारीक ओरखड्यांनी प्रकाशाची शिस्त मोडलेली असते. यातला पहिला ओरखडा डोळ्यात खुपतो, पाचशेवा कुणाला दिसतही नाही.

ब्रश केलेला पट्टा म्हणजे कारखान्यातच शिस्तीत ओरखडे मारून दिलेला पट्टा. नवा ओरखडा रेघांच्या दिशेने पडला तर गर्दीत मिसळून जातो. आडवा पडला तर दिसतो, पण एकटा पडत नाही. पॉलिश केलेल्या पट्ट्यावर मात्र केसाएवढा ओरखडाही शांत सभागृहात वाजलेल्या फोनसारखा वाटतो.

आणि ओरखडे पडतात कशाने? इथे एक आकडा उपयोगी आहे. पदार्थाचा कठीणपणा मोजायचं विकर्स नावाचं एक माप आहे. हिऱ्याचं टोक ठरावीक जोराने दाबायचं आणि पडलेला खळगा मोजायचा. घड्याळांत वापरलं जाणारं नेहमीचं ३१६ एल पोलाद या मापावर साधारण १५० ते २०० भरतं. रस्त्यावरच्या धुळीतले क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे कण हजाराच्या आसपास असतात. रोलेक्स वापरतं ते ९०४ एल पोलाद गंजाला जास्त चांगलं तोंड देतं, पण ओरखड्यांच्या बाबतीत तेही याच वर्गात बसतं. थोडक्यात, तुमच्या टेबलावर बसलेली धूळ जगातल्या जवळपास कुठल्याही पोलादी घड्याळापेक्षा कठीण आहे. घड्याळ पन्नास हजारांचं की पन्नास लाखांचं, हे वाळूच्या कणाला ठाऊक नसतं.

सगळ्यात जास्त मार खाणारी जागा

पट्ट्याचा सगळ्यात जास्त घासला जाणारा भाग म्हणजे मनगटाच्या खालच्या बाजूचं बक्कल. ज्यांचं आयुष्य कीबोर्डपुढे जातं त्यांना हे सांगायला नको. खोल समुद्रासाठी बनवलेली घड्याळं घालून आपण दिवसभर टेबलावर हात सरकवत असतो. घड्याळवेड्यांमध्ये याला ‘डेस्क डायव्हिंग’ म्हणतात. टेबल, लॅपटॉपची कड, त्यांच्यावरची धूळ आणि मध्ये हाताचं वजन. पॉलिश करायला याहून वाईट जागा सापडणार नाही. तरीही अनेक कंपन्या बक्कल चकचकीत करतात, कारण तिथे त्यांचा लोगो असतो आणि दुकानातल्या दिव्याखाली तो चमकायला हवा असतो.

रोलेक्सच्या ऑयस्टर पट्ट्याकडे या नजरेने पाहिलं तर एकाच घरातल्या दोन वृत्ती दिसतात. सबमरिनर आणि एक्स्प्लोरर यांच्या पट्ट्यांचा वरचा भाग संपूर्ण ब्रश केलेला, फक्त बाजू पॉलिश. रोज वापरायच्या हत्याराला शोभेल असं हे फिनिश आहे. दहा वर्षांनी ते जुनं दिसतं, पण थकलेलं दिसत नाही. जीएमटी-मास्टर मात्र मुळात वैमानिकांसाठीचं घड्याळ. २००७मध्ये त्याची नवी पोलादी आवृत्ती आली तेव्हा पट्ट्याच्या मधल्या कड्या आरशासारख्या पॉलिश केलेल्या होत्या. दिसायला ते सबमरिनरपेक्षा श्रीमंत दिसतं. पण सपाट, रुंद आणि चकचकीत पृष्ठभाग नेमका पट्ट्याच्या मध्यावर ठेवणं म्हणजे पांढरा सदरा घालून रंगपंचमीला जाणं. काही महिन्यांतच मधली पट्टी ना आरसा राहते ना रेशीम. ती नुसती धुरकट होते.

पॉलिश सरसकट वाईट असंही नाही. आकारावर बरंच अवलंबून असतं. रोलेक्सचाच ज्युबिली पट्टा १९४५मध्ये डेटजस्टबरोबर आला. त्याच्याही मधल्या कड्या पॉलिश केलेल्या असतात, पण त्या बारीक आणि गोलसर. त्यातल्या प्रत्येक कडीवर प्रकाशाचा एक छोटा ठिपका चमकतो आणि ओरखडा त्या ठिपक्याच्या आड लपतो. सपाट आरशातला चरा सरळ दिसतो, मण्यावरचा शोधावा लागतो. पण ज्युबिलीला याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. जितक्या कड्या जास्त तितके सांधे जास्त, आणि जितके सांधे जास्त तितकी झिजायला जागा जास्त. घाम आणि धूळ मिळून जी लगदी होते ती सांध्यांतल्या पिना आणि त्यांची भोकं आतून घासत राहते. काही दशकांनी पट्टा हातात आडवा धरला की तो लुळा पडून खाली झुकतो. लोक म्हणतात पट्टा लांबला. खरं तर तो आतून झिजलेला असतो. वरून कितीही उजाळा दिला तरी ही झीज भरून येत नाही.

ओमेगाने २०२१मध्ये नवी स्पीडमास्टर आणली तेव्हा हा वाद जणू ग्राहकासमोरच मांडला. प्लेक्सी काचेच्या घड्याळाला पूर्ण ब्रश केलेला पट्टा, सफायर काचेच्या घड्याळाला पॉलिश आणि ब्रश यांचा मिश्र पट्टा. त्यातलं महाग ते चकचकीत. माझं मत पहिल्याला. त्याच्या काचेवर ओरखडे पडतात आणि ते पॉलिशपेस्ट लावून घरी घालवताही येतात. पट्टाही त्याच स्वभावाचा आहे. घड्याळाचं वरचं अंग आणि खालचं अंग एकच गोष्ट बोलतात, ही मोठी गोष्ट आहे.

धार

पट्ट्यांच्या जगातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ओडेमार्स पिगेची रॉयल ओक. जेराल्ड जेंटा यांनी ती रेखाटली, १९७२मध्ये ती बाजारात आली. अष्टकोनी कडा, दिसतील असे आठ स्क्रू आणि घड्याळातूनच उगवल्यासारखा पोलादी पट्टा. त्या वेळी अनेक सोन्याच्या घड्याळांहून महाग असं पोलादी घड्याळ विकायला धाडस लागत होतं, आणि या धाडसाचा मोठा आधार म्हणजे फिनिश. जिनीव्हाच्या गे फ्रेर या कंपनीने घडवलेल्या त्या पट्ट्याच्या कड्या ब्रश केलेल्या, आणि प्रत्येक कडीच्या कडेला पॉलिश केलेली अरुंद तिरपी पट्टी. हात हलला की रेशमी पृष्ठभागाच्या कडेने एक पांढरी रेघ पळत जाते. सोनं न वापरता पोलाद मौल्यवान कसं दिसेल, याचं इतकं स्वच्छ उत्तर त्याआधी कुणी दिलं नव्हतं. चार वर्षांनी जेंटा यांनीच पाटेक फिलिपची नॉटिलस केली. आज हजारो रुपयांपासून पुढे कुठल्याही किमतीला मिळणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’ पट्ट्याच्या घड्याळांवर या दोघींची सावली आहे.

आता हजारावा दिवस. रॉयल ओकचे सपाट ब्रश केलेले भाग बरेच टिकतात. पण तिचं सौंदर्य त्या भागांत नाहीच. ब्रश जिथे संपतो आणि पॉलिश जिथे सुरू होतं त्या धारेत ते आहे. आणि धार ही कुठल्याही वस्तूची पहिली झिजणारी जागा. दाराची चौकट असो, पायरी असो की पाट्याची कड, आधी कोपरे गोल होतात. रॉयल ओकला ओरखडे पडतात ते सोसता येतं. पण धार गोल झाली की पळणारी पांढरी रेघ जाड होते, पुसट होते आणि घड्याळ एकदम साधं दिसायला लागतं. रचना अजून तीच असते, पण तिचं बोलणं अस्पष्ट ऐकू येतं.

यावर उपाय म्हणून दुरुस्तीला द्यावं, तर खरा पेच तिथे सुरू होतो.

पुण्यात पेठेतल्या एका घड्याळजींकडे मी अधूनमधून जाऊन बसतो. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. एकदा त्यांनी माझ्या तळहातावर एकाच पट्ट्याच्या दोन कड्या ठेवल्या. एक मनगटावर वीसेक वर्षं वापरलेली, मध्ये तीन-चारदा बफ मारलेली. दुसरी पहिल्या दिवशी पट्टा मापाला बसवताना काढून खोक्यात ठेवलेली, म्हणजे कधीच न वापरलेली. नवी कडी बोटाला टोचत होती. जुनी साबणाच्या वडीसारखी झाली होती, आणि किंचित बारीकही.

“बफ मारून दिला की गिऱ्हाईक खूश होतं,” काका म्हणाले. “चकाकी दिली ते त्याला दिसतं. मी काढलं काय ते दिसत नाही.”

त्या वाक्यात पॉलिशिंगची सगळी मेख आहे. ओरखडा भरून काढला जात नाही. ओरखड्याच्या तळापर्यंतचा आजूबाजूचा धातू काढून टाकला जातो. कपडा लावलेलं बफचं चाक सपाट आणि धार यांत भेद करत नाही, भेद करावा लागतो तो हाताने. चांगला कारागीर ब्रश केलेला भाग झाकून पॉलिश करतो, मग पॉलिश झाकून ब्रश ओढतो. खोल खळगे लेझर वेल्डिंगने भरूनही घेता येतात. पण हे काम करणारे हात थोडे आणि महाग असतात. साधा ब्रश मात्र एखादा नीट हाताचा माणूस अपघर्षक पॅडने पाच मिनिटांत परत ओढून देतो, आणि त्यात निघणारा धातू नगण्य असतो.

काढून ठेवलेली ती कडी मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या भाषेत तो पहिला कमिट. नंतर काय काय बदललं ते त्याच्याशी ताडून पाहता येतं. तुमच्याकडे धातूच्या पट्ट्याचं घड्याळ असेल, कुठल्याही किमतीचं, तर खोक्यातली जास्तीची कडी बाहेर काढा आणि मनगटावरच्या कडीशेजारी धरा. कुठल्याही परीक्षणापेक्षा ती जास्त खरं बोलते.

कधीच न झिजणारं डोकं

ओरखड्यांवर दुसरा उपाय म्हणजे ते पडूच न देणं. आणि इथे आपल्या ओळखीचं घड्याळ येतं, राडो.

राडोची डायास्टार १९६२मध्ये आली. डब्यासाठी पोलादाऐवजी टंगस्टन कार्बाइडचा कठीण धातू आणि वर सफायरची काच. ओरखडा न पडणारं घड्याळ अशी तिची ख्याती झाली, आणि भारतात तर ती श्रीमंतीची खूण ठरली. लग्नात जावयाला द्यायचं, आखातातून येताना आणायचं, कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवायचं असं घड्याळ. वापरलेली जुनी डायास्टार पाहायला मिळाली तर नीट पाहा. वरचा अंडाकृती भाग काल घेतल्यासारखा लखलखतो. पट्टा मात्र पोलादी. तो बाकीच्या जगासारखाच म्हातारा होतो, आणि सोनेरी मुलामा असेल तर कडांवरून आतली चांदेरी छटा डोकावते. तरुण डोकं आणि म्हातारं अंग. डब्यापुरता जिंकलेला काळ पट्ट्यावर येऊन बसतो. कठीणपणाची कल्पना थोर होती, पण ती अर्ध्या घड्याळालाच लावली होती.

पुढे राडोनेच हे अंतर भरून काढायला घेतलं. १९८६च्या इंटिग्रल या घड्याळात पट्ट्यावर सिरॅमिक आलं. २०००मध्ये शनेलच्या जे-१२ने काळं सिरॅमिक फॅशनच्या जगात नेलं. २०१७मध्ये ओडेमार्स पिगेने रॉयल ओकचा अख्खा पट्टा काळ्या सिरॅमिकमध्ये केला, ब्रश आणि तिरप्या पट्ट्यांसकट. कंपनीच्या सांगण्यानुसार पोलादी पट्ट्याला सुमारे ६ तास लागतात तर याला ३०. झिरकोनिया सिरॅमिक विकर्सच्या मापावर बाराशेच्या आसपास भरतं, म्हणजे वाळूच्या कणालाही भारी. धारा धारच राहतात. हजाराव्या दिवशी ते पहिल्या दिवसासारखंच दिसतं.

मग वाद संपला का? नाही, कारण कठीण आणि चिवट हे दोन वेगळे गुण आहेत. पोलादावर घाव बसला की त्याला खळगा पडतो. सिरॅमिकवर तसाच घाव बसला तर ते तडकू शकतं किंवा टवका उडू शकतो. न्हाणीघरातल्या फरशीवर पडलेलं स्टीलचं तांब्या-भांडं आणि चिनी मातीचा कप यांच्यात जो फरक, तोच इथे. तडकलेल्या कडीचं पेठेतल्या काकांना काही करता येत नाही. नवी कडी कंपनीकडून यावी लागते, आणि कंपनी ती जोवर बनवते तोवरच घड्याळ जिवंत.

काळ्या रंगाच्या पीव्हीडी आणि डीएलसी मुलाम्यांचा प्रश्न याच घराण्यातला. थर स्वतः कठीण, पण तो काही मायक्रॉनचा आणि खाली मऊ पोलाद. जोराचा मार बसला की खालचा धातू दबतो आणि वरचा थर उडतो. काळ्यावर चांदेरी रेघ उमटते, आणि ती पुन्हा काळी करायची तर सगळा भाग परत कारखान्यात. सिटिझनचं कठीण केलेलं टायटॅनियम किंवा जर्मनीच्या झिनचं कठीण केलेलं पोलाद हे जास्त प्रामाणिक मार्ग आहेत, कारण पृष्ठभाग कठीण होऊनही रंग धातूचाच राहतो आणि रोजच्या धुळीला ते दाद देत नाहीत. तिथेही अट तीच. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि झालं की साध्या पॅडने परत ब्रश ओढता येत नाही.

माझ्या पिढीला हा सौदा चांगला ओळखीचा आहे. चिकटवलेल्या बॅटरीचे फोन, बदलता न येणारी मेमरी असलेले लॅपटॉप. चाललं तोवर झकास, बिघडलं की नवं घ्या. शंभर रुपयांच्या वस्तूत हे चालून जातं. पण पुढच्या पिढीला द्यायची वस्तू म्हणून जी विकली जाते, तिच्यात ही अट बारीक अक्षरात लिहिलेली असावी हे मला खटकतं. पुढच्या पिढीला घड्याळ द्यायचं असेल, तर ते दुरुस्त करता येण्याची सोयही त्याच्यासोबत द्यावी लागते.

सिरॅमिकचा मला दिसलेला सगळ्यात शहाणा उपयोग दिसतच नाही. रोलेक्सच्या डे-डेटच्या मौल्यवान धातूच्या प्रेसिडेंट पट्ट्यात आता कड्यांच्या आत सिरॅमिकचे तुकडे बसवलेले असतात. सांधे आतून झिजू नयेत म्हणून. जिथे झीज भरून येत नाही तिथे कठीण पदार्थ आणि जिथे ती भरून काढता येते तिथे मऊ धातू. अशी वाटणी करायला समज लागते.

उजाळा

आता सोनं. महागड्या घड्याळांत बहुधा १८ कॅरटचं वापरतात, म्हणजे ७५ टक्के सोनं. ते ओरखड्यांना जवळपास नाहीच म्हणत नाही. घड्याळांच्या परीक्षणांत याबद्दल काळजीचा सूर असतो. तो ऐकला की मला आईच्या पाटल्या आठवतात. २२ कॅरट, म्हणजे त्याहून मऊ. रोज हातात, बांगड्यांवर घासत, कणकेत, पाण्यात, बसच्या दांड्यावर. त्यांवर आरसा नाही आणि ओरखडाही नाही. असंख्य बारीक रेघा एकमेकींत मिसळून जी मऊ झाक येते ती कुठल्याही कारखान्यात देता येत नाही. दिवाळीच्या आधी सोनाराकडे नेऊन उजाळा द्यायचा, सोनार वजन करून दाखवणार, झीज किती ते कळणार, आणि पाटल्या परत हातात.

मराठीत पॉलिश करण्याला ‘उजाळा देणं’ म्हणतात, आणि आठवणींनाही आपण उजाळाच देतो. दोन्हींत थोडं काहीतरी कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून उजाळा रोज देत नाहीत. पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेत, म्हणजे दगडावर पुन्हा बारीक खाचा पाडून घेत. तेही ब्रश परत ओढण्यासारखंच. दगड दर वेळी थोडा कमी व्हायचा आणि तरी दोन-तीन पिढ्यांना पुरायचा. फिनिश ही एकदा देऊन संपणारी गोष्ट नाही, पुन्हा पुन्हा द्यायची गोष्ट आहे, हे आपल्या स्वयंपाकघरांना स्वित्झर्लंडला विचारावं लागलं नाही.

जपानच्या ग्रँड सेकोचा विचार मी याच अंगाने करतो. झारात्सु नावाच्या पद्धतीने हाताने पॉलिश केलेले त्यांचे पृष्ठभाग इतके सपाट असतात की प्रतिबिंब कुठेही वाकत नाही. पहिल्या दिवशी त्याला तोड नाही आणि ओरखड्यालाही ते सगळ्यात मोठं आमंत्रण आहे. पण हा आरसा मुख्यतः डब्याच्या बाजूंना आणि कडांना असतो. पट्ट्यांवर बराच भाग बारीक रेघांचा ठेवतात. जिथे पाहायचं तिथे आरसा, जिथे घासायचं तिथे रेघा. डब्याची ती धार मात्र परत आणायची तर ते कसब असलेल्या हातांकडेच जावं लागतं, आणि हे घेणाऱ्याने आधी समजून घ्यावं.

कव्हर घातलेला देश

या सगळ्यात माझ्या दृष्टीने पणाला लागलेली गोष्ट ओरखडा नाहीच. भीती आहे.

आपण रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालणारी माणसं. सोफ्याला कव्हर, फोनला कव्हर, गाडीच्या सीटवरची कंपनीची फिल्म वर्षभर तशीच. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी. या सवयीमागे कष्टाने मिळवलेल्या पैशाचा आदर आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. पण माझ्या वयाचे मित्र बोनसमधून पहिलं चांगलं घड्याळ घेतात, दोन आठवडे घालतात, बक्कलावर पहिला चरा दिसतो आणि घड्याळ कपाटात जातं. मग ऑफिसला रबरी पट्ट्याचं स्मार्टवॉच. चार वर्षांनी ते घड्याळ नव्यासारखंच असतं आणि त्याच्यात त्यांचं काहीच नसतं.

बाजार या भीतीला खतपाणी घालतो. जुन्या घड्याळांच्या लिलावांत ‘अनपॉलिश्ड’ या शब्दाला चांगली किंमत येते, म्हणजे कधी बफ न मारलेलं, मूळ धारा शाबूत असलेलं घड्याळ. त्यामागचं कारण योग्यच आहे, गेलेली धार परत येत नाही. पण त्यातून निघालेला निष्कर्ष विचित्र आहे. सगळ्यात चांगलं घड्याळ म्हणजे कुणीच न घातलेलं घड्याळ. एका टोकाला दर वर्षी बफ मारून आरसा मागणारे, दुसऱ्या टोकाला तिजोरीत जपणारे. दोघांनाही मनगट ही अडचण वाटते.

म्हणून फिनिशचं मूल्यमापन करताना मी तीन प्रश्न विचारतो. पहिला ओरखडा पडल्यावर हे कसं दिसेल? ते कुणाला दुरुस्त करता येईल, शहरातल्या एखाद्या चांगल्या हाताला की फक्त कंपनीला? आणि अशी दुरुस्ती किती वेळा करता येईल? दुकानातल्या दिव्याखाली पहिला येणारा पट्टा या तीन प्रश्नांत बहुधा मागे पडतो. सपाट आरशाचा पट्टा पहिल्याच प्रश्नात जातो. सिरॅमिक आणि काळे मुलामे पहिल्यात अव्वल येतात, दुसऱ्यात नापास होतात. रॉयल ओक दुसऱ्यात अडखळते, तिसऱ्यात हळूहळू विरत जाते, आणि तरीही ती मोठी कलाकृती आहे, कारण तिने काय गमवायचं आहे ते मुळात निर्माण केलं. सोनं तिन्हींत उत्तीर्ण, फक्त खिसा सोडून. आणि साधा, संपूर्ण ब्रश केलेला, भरीव कड्यांचा पोलादी पट्टा कुठल्याच प्रश्नात पहिला येत नाही, कुठल्याच प्रश्नात नापास होत नाही. रोज घालायच्या वस्तूकडून मला एवढंच हवं आहे. न घाबरता वापरता यावी, आणि बिघडली तर शेजारच्या माणसाच्या हातून पुन्हा उभी राहावी.

त्याला द्यायचंही फार काही नसतं. पाण्यात चालणारं घड्याळ असेल तर आठवड्यातून एकदा कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश, म्हणजे सांध्यांतली लगदी निघते. पट्टा मापात बसवलेला, ढिला नाही, कारण लोंबणारा पट्टा जास्त घासतो. त्याच हातात कडं नको. बफ शक्य तितका उशिरा.

पुढच्या वेळी दुकानात गेलात तर काचेखालचं घड्याळ मनसोक्त पाहा. मग एक विनंती करा. काउंटरमागच्या माणसाने रोज घातलेलं घड्याळ हातात मागा. शक्य असेल तर तेच मॉडेल, नसेल तर त्याच फिनिशचं दुसरं. बक्कल उलटं करून खिडकीच्या उजेडात धरा. तिथे जे दिसेल ते तुम्हाला आवडलं, तर घड्याळ घ्या.